मंगळवारच्या गिऱ्हे मॅडम

परवा आठवीच्या वर्गात मी पुस्तकातलं एक चित्र समजावून सांगत होते. विहिरीच्या काठावर एक बाई उभी आहे, तिच्या डाव्या हातात दोर आहे, घागर कलंडलेली आहे म्हणजे अजून रिकामीच असावी, असं माझं चाललं होतं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमाले दिसून राहिलं ना चित्र." वर्ग हसला. मीही हसले. त्या वर्गात डोळ्यांची अडचण असलेलं कुणीच नव्हतं. पण चित्र आलं की ते शब्दांत सांगितल्याशिवाय मला आता पुढे जाता येत नाही. ही खोड मला बेबी गिऱ्हे नावाच्या बाईंनी लावली. त्यांना स्वतःला आयुष्यात एकही चित्र पाहिल्याचं आठवत नव्हतं.

वरूडच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांमधल्या एका गावात जिल्हा परिषदेची आमची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी आठवीत आफरीन नावाची मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचे वडील रज्जाकभाई संत्र्यांच्या पॅकिंगवर कामाला. ते पहिल्या दिवशी तिला हाताला धरून घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, बसू द्या फक्त. इथं चार पोरींमधी राहील." मी तिला बसू दिलं. पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाला लागून. मधल्या सुट्टीत मी तिची विचारपूस करायची. चाचणीच्या दिवशी तिला दोन सोपे तोंडी प्रश्न विचारायचे आणि पास करायचे. आपण फार मायेनं वागतो आहोत असं मला तेव्हा वाटत होतं.

दिवाळीनंतर एका मंगळवारी गिऱ्हे मॅडम आल्या. अशा मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका येणार, एवढं पत्रातून कळलं होतं. त्या स्वतः अंध आहेत हे पत्रात नव्हतं. अमरावतीहून मोर्शीमार्गे येणाऱ्या एसटीनं त्या एकट्या आल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बाई, घट्ट अंबाडा, पाठीवर कॉलेजच्या पोरांसारखी सॅक, हातात पांढरी काठी. शिपायानं धावत जाऊन खुर्ची आणली. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसल्या नाहीत.

"मी बेबी गिऱ्हे. नाव बेबी, वय बावन्न. आफरीन कुठी बसते?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं, "पहिल्या बाकावर."

"काहून? तिले फळा दिसते का?"

मी नुसती मान हलवली.

"सांगा ना. तुमी मान हालवली तं मले वारा बी लागत नाई."

"नाही, फळा दिसत नाही."

"मंग मागं बसवा ना तिले, पोरींमधी. तुमच्या टेबलाजोळ बसून तिले कोन चिंचा देईन?"

त्याच तासाला आफरीन तिसऱ्या रांगेत गेली. आठवड्याभरानं मला वर्गात गप्पा मारल्याबद्दल तिला पहिल्यांदा ओरडावं लागलं. पुढच्या मंगळवारी मी हे मॅडमना सांगितलं, तर त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी सॅकमधून शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिला.

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. घरचा भाजीचा धंदा. तीन वर्षांच्या असताना तापात डोळे गेले, आणि अकरा वर्षांच्या होईपर्यंत त्या आईजवळ भाजीच्या दुकानावर बसल्या, कारण कुणी शाळेत घेतलं नाही. त्या आठ वर्षांचं त्या कधी रडगाणं गायल्या नाहीत. "मी तं तिथीच शिकली," म्हणायच्या. वांगं हातात घेतलं की पाव किलोत किती बसतील ते सांगायच्या. आवाजावरून गिऱ्हाईक घासाघीस करणार की नाही ते त्यांना कळायचं. आमच्या शाळेतही आठ-पंधरा दिवसांत त्यांना सगळ्यांच्या चपला ओळखू यायला लागल्या. मुख्याध्यापक ढोके सर चोरपावलांनी मागच्या दारानं निघाले, की इकडून हाक जायची, "ढोके सर, तुमच्या डाव्या चपलीचा अंगठा तुटून राहिला, शिवून घ्या."

त्यांच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर होता. पडद्यावर बोट फिरवलं की तिथे काय लिहिलंय ते बाईच्या आवाजात वाचून दाखवणारी ती सोय. तो आवाज त्यांनी इतक्या वेगाला लावलेला असायचा की आम्हाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. कढईत मोहरी तडतडावी तसं काहीतरी ऐकू यायचं, आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, "बस पंधरा मिनिटं लेट हाये." त्या आवाजाला त्या सूनबाई म्हणत. "मायं लगन नाई झालं, पन सून हाये. दिवसभर बोलते, पन उलट नाई बोलत."

आता कपाटाची गोष्ट. आफरीनसाठी सरकारी योजनेतून आदल्याच वर्षी साहित्य आलं होतं. तिच्या आधीच्या शाळेतून ते तिच्याबरोबर आमच्याकडे पोचलं. ध्वनिपुस्तकं वाजवणारा छोटा यंत्र-डबा, एक टॅब्लेट, ब्रेलची पाटी, जाड कागद, उठावाच्या रेघांचे नकाशे. वाटपाच्या दिवशी तिच्या हातात देऊन फोटो काढले गेले आणि मग सगळं कपाटात. किल्ली ढोके सरांकडे. ढोके सर माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त तपासणीची भीती होती. वस्तू नवीच्या नवी दिसली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मॅडमनी दोन मंगळवार किल्ली मागितली. दोन्ही वेळा सरांनी पुढच्या मंगळवारचं सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मले एक कागद लिहून द्या."

"कसला कागद?"

"का हे सामान पोरीसाठी नाई आलं, कपाटासाठी आलं. खाली सही करा. मंग मी मांगनार नाई."

आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसा होता. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला, आणि मॅडम हात पुढे करून हसल्या. त्यांना तो आवाज पुरे होता.

कपाट उघडलं तर यंत्राची बॅटरी फुगलेली, टॅब्लेट चालू व्हायला तयार नाही. वापरलं असतं तर टिकलं असतं, असं मॅडम म्हणाल्या, पण सरांना टोचून नाही बोलल्या. उलट पुढच्या आठवड्यात दोघं मिळून अमरावतीला जाऊन बॅटरी बदलून आणली. यंत्र सुरू झालं, तेव्हा कळलं की त्यातली पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची आहेत.

"मंग तुमी वाचा," मॅडम मला म्हणाल्या.

"मी?"

"तुमचा आवाज साजरा हाये. रोज एक धडा. मोबाइलवर भरून ठेवा, मी मंगळवारी यंत्रात टाकून देईन."

अशी मी पुस्तकं वाचायला लागले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून, खिडक्या लावून. पहिला धडा ऐकून मॅडम म्हणाल्या, "तुमी बातम्या देऊन राहिल्या का वो? पोरीले गोष्ट सांगा." मी वाचण्याची पद्धत बदलली. विज्ञानाचा धडा दिला, तर त्यांनी मध्येच थांबवला. "इथं तुमी एक खड्डा सोडला."

"एकही शब्द सोडला नाही मी."

"'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हनल्या अन् फुडं निघून गेल्या. आकृती कुठी हाये?"

ती हृदयाची आकृती होती. मी पुस्तक उघडून बसले आणि ती शब्दांत सांगायला लागले, तेव्हा कळलं की ती आकृती मी आजवर कधी नीट पाहिलेलीच नाही. कोणती नळी कुठून निघते, कोणता बाण कुठे जातो, काहीच सांगता येईना. मॅडम शांतपणे विचारत होत्या. वर म्हणजे किती वर? वाकडी म्हणजे कोणत्या बाजूनं वाकडी? तुमच्या मुठीएवढं का माया? एका आकृतीला आम्हाला अख्खी मधली सुट्टी लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "आता दिसलं." कोणाला, ते मी विचारलं नाही. मला तरी दिसलं होतं. माझं मराठी शिकवणंही तेव्हापासून बदललं. वीस वर्षं मी 'चित्रात पाहा' म्हणून पुढे सरकत आले होते. वर्गातल्या कितीतरी डोळस मुलांनाही मी काहीच दाखवलेलं नव्हतं.

यंत्रापाठोपाठ मॅडमनी आफरीनला आपला फोन वापरायला शिकवला. आफरीननं घरीही फोन वापरावा, असं मॅडमचं म्हणणं. रज्जाकभाईंनी साफ नकार दिला. लेकीच्या हातात मोबाइल नको. त्यांनी शाळेत येणंच बंद केलं. तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "चला, त्यांच्या कामावर जाऊ." मी म्हटलं, आपण बोलावून घेऊ. "नाई. बोलावलं की मानूस हात बांधून उभा राह्यते. त्याच्या जागेवर त्याले बोलता येते."

पॅकिंगच्या शेडमध्ये संत्र्यांचे ढीग होते, ट्रॅक्टर खाली होत होते, बाया ओळीनं बसून फळं निवडत होत्या. मॅडमनी आल्या आल्या जमिनीवर बैठक मारली आणि निवडायला सुरुवात केली. लहान, मध्यम, मोठं. हाताला मऊ लागलेलं वेगळं. शेजारच्या बायांचे हात थांबले आणि त्या बघत राहिल्या. रज्जाकभाई ओशाळून म्हणाले, "मॅडम, ये काम आपको शोभा नहीं देता. उठा तुमी."

"भाई, मेरा बाप भाजी बेचता था. बसा तुमी बी."

ते बसले. मुलीच्या शिक्षणाबद्दल मॅडमनी चकार शब्द काढला नाही. नागपुरी संत्र्याच्या सालीची गोष्ट झाली, अकोल्याच्या बाजाराची झाली. मग त्यांनी सहज विचारलं, घरी कागदपत्रं कोण वाचतं? रज्जाकभाई उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. सरकारी मराठी त्यांना झेपत नसे. दवाखान्यातून आलेला एक कागद तीन आठवडे त्यांच्या खिशात होता. वाचून घ्यायला कुणाला सांगावं, याचा संकोच वाटत होता. त्यांनी तो काढला. मॅडमनी आफरीनला हाक मारली. ती शाळेतून आमच्याबरोबर आलीच होती. तिनं मॅडमचा फोन कागदावर धरला, दोनदा वर-खाली केला, फोटो निघाल्याचा एक खट्‌ आवाज झाला. आणि सूनबाईंनी, या वेळी सावकाश, सगळा कागद वाचून दाखवला. आफरीनच्या अंधत्वाच्या प्रमाणपत्राची फेरतपासणी होती, पुढच्या सोमवारी, अमरावतीला. न गेल्यास प्रमाणपत्र रद्द.

शेडमधल्या बाया उठून भोवती उभ्या राहिल्या होत्या. रज्जाकभाईंनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि लेकीला विचारलं, "बेटा, मला पण वाचून दाखवेल का हा फोन?"

"तुमाले कशाले, अब्बू? तुमाले डोळे हायेत ना," आफरीन म्हणाली.

सगळे हसले. हसता हसता रज्जाकभाईंनी गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशीपासून आफरीन घरचा फोन घेऊन शाळेत यायला लागली.

यानंतरची गोष्ट सांगताना मला अजूनही जड जातं.

आफरीन नववीत गेली. ऐकून ऐकून ती वर्गात पहिल्या पाचात आली होती. फोनवर टाइप करायलाही शिकली. तिनं पहिला निबंध लिहिला, 'माझ्या अब्बूंचं काम'. मी तो वाचला. मजकूर सुरेख होता. संत्र्याच्या वासावरून अब्बू घरी आल्याचं कळतं, पण सणाच्या दिवशी ते अत्तर लावतात आणि मग दारातून कुणीतरी परकाच आला असं वाटतं, असं त्यात होतं. पण शुद्धलेखन भयानक होतं. 'म्हणून'चं 'मनून', 'अभ्यास'चा 'आब्यास', दोन शब्द एकत्र, एका शब्दाचे दोन. ऐकताना सगळं जवळपास बरोबर लागत होतं, म्हणून तिला पत्ताच नव्हता.

मंगळवारी मॅडमनी विचारलं, "कसा हाये निबंध?"

"छान. खूपच छान."

"अन् शुद्धलेखन?"

आफरीन शेजारी उभी होती. चेहरा उजळलेला. मी म्हणाले, "बरं आहे."

पुढच्या मंगळवारी मॅडम आल्या त्या थेट शिक्षकांच्या खोलीत. दार लावलं. फोन टेबलावर ठेवला. त्यांनी तो निबंध आफरीनकडून मागवून घेतला होता आणि आता त्या एकेका अक्षरावर बोट ठेवत होत्या. आवाज एकेक अक्षर उच्चारत होता. म. न. दीर्घ उकार. न.

"हे 'म्हणून' हाये का, मॅडम?"

मी पुन्हा नुसती मान हलवली.

"सांगा ना."

"नाही."

"मंग तुमी मायाशी खोटं काहून बोलल्या? मले दिसत नाई म्हनून?"

मी म्हणाले की तिचं मन मोडलं असतं. पहिलाच निबंध होता. एवढ्या मेहनतीनं लिहिला होता.

"बाकीच्या चाळीस पोट्ट्यांच्या वहीत लाल पेन चालवता. त्याइचं मन नाई मोडत? हिलेच काहून माफी? हा बी पहिलाच बाक झाला, मॅडम."

मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार, पण त्यांनी समजूत घातली नाही. काही वेळ त्या टेबलाच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करत बसल्या. मग वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा माही चूक मोठी हाये. म्या त्या पोरीले कान देल्ले, बोटं देल्ली नाई. फोन लवकर येते, ब्रेलले वर्सं लागते, म्हनून म्या सोपं पकडलं. ऐकलेल्या शब्दाले अक्षर नसते, हे मले नाई कळाले पायजे तं कोनाले?"

आमचे मधले दोन मंगळवार कामापुरते गेले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी सॅकमधून लाडू काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो घेतला. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, आणि मी त्यांच्याशी पुन्हा कधी खोटं बोलले नाही.

कपाटातली ब्रेलची पाटी बाहेर निघाली. आफरीन फुरंगटली. सगळं फोन वाचतो, मग टोचणीनं एकेक ठिपका पाडत काय बसायचं? शिवाय पाटीवर लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटवला की वाचायचं डावीकडून उजवीकडे. बोटं दुखायची. एके दिवशी तिनं टोचणी फेकून दिली. ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

मॅडम उठल्या, आवाज गेला होता त्या दिशेनं काठी टेकत गेल्या, वाकून जमीन चाचपली आणि टोचणी घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी अकरा वर्सांची होती. शाळेत पहिल्यांदा मायं नाव ठिपक्यांत लिहून बोटाखाली देलं. मले वाटे मायं नाव लय लांब असन. दुकानावर दिवसभर लोक हाका मारत ना, बेबी, ए बेबी. अन् बोट ठेवलं तं चार खुणांत खतम! मी रडली. बाई म्हने, काहून रडते? मी म्हनली, एवढुसं?"

आफरीन हसायला लागली. मग तिनं हळूच विचारलं, "मायं नाव केवढं हाये?"

"लिहून पाय ना."

तिनं लिहिलं, कागद उलटवला, बोट फिरवलं. दोन चुका निघाल्या. ब्रेलमध्ये काना, वेलांटी, उकार प्रत्येकाची वेगळी खूण असते. ऱ्हस्वाची वेगळी, दीर्घाची वेगळी. बोटाखालून ती सुटत नाही. आफरीनला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्या नावात दीर्घ ईकार आहे.

घरी तिनं पाटी दाखवली, तेव्हा रज्जाकभाई म्हणाले म्हणे, "उजवीकडून लिहितात? मग ही तर आपल्या उर्दूसारखीच झाली की!" आणि ते शेजारी बसून आपल्या जुन्या शाळेची अक्षरं वहीत गिरवायला लागले. बापलेक दोघं उजवीकडून लिहीत बसायचे. हे ऐकून मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा अंबाडा सुटला.

मीही दोनदा ब्रेल शिकायला घेतलं आणि दोनदा सोडलं. मी डोळ्यांनी ठिपके मोजायची आणि मॅडम म्हणायच्या, "कॉपी करून राहिल्या तुमी." ही एक गोष्ट माझी त्यांच्याकडून घ्यायची राहिलीच.

दहावीच्या परीक्षेला आफरीननं लेखनिक घेतली. नववीतली एक मुलगी. मराठीच्या पेपरात ती मुलगी एका शब्दाला अडली आणि तिनं विचारलं, कसं लिहू? आफरीननं सांगितलं, अर्धा म, मग ह, मग ण ला दुसरा उकार, शेवटी न. पेपर सुटल्यावर बाहेर येऊन तिनं सगळ्यांत आधी हे सांगितलं, निबंध कसा गेला ते नंतर. मॅडम शाळेच्या फाटकाशी झाडाखाली उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, "हं" म्हणाल्या आणि बराच वेळ आफरीनचा हात सोडला नाही.

निकाल चांगला लागला. आफरीन अमरावतीला कॉलेजात गेली. मॅडमची नेमणूकही त्याच सुमारास अकोल्याकडच्या शाळांवर झाली. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. ढोके सरांनी तरी शाल आणली होती. मॅडमनी ती बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "लोकर साजरी हाये सर," आणि तिथेच अंगावर घेतली, जूनच्या उकाड्यात.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, बडनेऱ्याच्या फलाटावर. दुपारची वेळ होती. मी बहिणीला आणायला गेले होते, तिची गाडी उशिरा होती. बाकावर त्या बसलेल्या दिसल्या. मांडीवर जाड तपकिरी कागद आणि त्यावर दोन्ही हातांची बोटं. मी जवळ जाण्याआधीच त्या म्हणाल्या, "या, सरोदे मॅडम. चपला नव्या घेतल्या, पन चाल जुनीच हाये."

मी बसले. कागद आफरीनचा होता. अमरावतीला तिला भेटूनच त्या अकोल्याला परत निघाल्या होत्या आणि निघताना तिनं पत्र हातात दिलं होतं. "तोंडानं सांगता आलं असतं ना," मी म्हणाले. "तेच तं," मॅडम म्हणाल्या. "समोर बसून नाई सांगितलं. लिहून देलं."

मी कागदाकडे पाहिलं. ओळीमागून ओळी ठिपके होते. माझ्याच विद्यार्थिनीचं पत्र, मराठीतलं, आणि मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी कागदावर तळहात ठेवला, एखादी गोष्ट झाकावी तसा. "पत्र मले हाये, मॅडम." मग, मला वाईट वाटलं असेल असं वाटून असेल, हळूच म्हणाल्या, "तुमचं बी नाव हाये त्यात. दोनदा."

एवढ्यात अकोल्याकडे जाणारी गाडी लागली. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. बायांच्या डब्यापर्यंत आम्ही तशाच चालत गेलो, गर्दीतून, न बोलता. मला खूप काही म्हणायचं होतं. पायरीशी पोचल्यावर मी फक्त म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळे मी शिकवायला शिकले."

"मोठ्यानं सांगा, गाडीचा लय आवाज हाये."

मी मोठ्यानं सांगितलं. आजूबाजूच्या चार बायांनी वळून पाहिलं. मॅडमनी माझ्या हातावर थोपटलं आणि वर चढून गेल्या.

खिडकीत त्यांना जागा मिळाली. फलाटावरून त्या मला स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी पुन्हा कागद मांडीवर पसरला. तोंड समोरच्या बाईकडे, तिच्याशी काहीतरी बोलणंही चाललेलं, आणि खाली बोटं ओळीवरून पुढे पुढे जात होती. एका जागी ती थांबली. मागे आली, तीच ओळ परत वाचली. बोलता बोलता त्या मध्येच गप्प झाल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. काय वाचून, ते मला कधीच कळलं नाही. गाडी हलली तेव्हा त्या अजून हसतच होत्या.